चौघांचा साबुदाणा

फेब्रुवारीतला एक रविवार, कॉलेजच्या मेळ्याआधीचा. रक्कम सहा हजार रुपये, चौघांचे प्रत्येकी दीड हजार. हजर: माझी मुलगी, तिच्या गटातले तिघे, स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको, आणि खुर्चीत पेपर धरून मी. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण इंदौरला राजेंद्र नगरातल्या आमच्या घरात बाहेरची खोली एकच आहे आणि रविवारी सकाळी ती माझी असते.

मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यांच्या एका मॅडमनी चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते. प्रत्येक गटाने स्वतःचे पैसे घालून मेळ्यात एक दिवस खाण्याचा स्टॉल चालवायचा आणि नंतर काय केलं, कसं केलं ते मॅडमना सांगायचं. पंचवीस मार्क, चौघांना सारखेच. इथवर ठीक होतं. पण एक जादा अट होती, आणि ती आमच्याच मुलीमुळे आली होती असं तिचं म्हणणं. मेळ्याच्या दिवशी मॅडम प्रत्येक गटातल्या एकाला तासभर स्टॉलवरून उठवणार. तो नसताना स्टॉल बंद पडला, तर चौघेही नापास.

कारण असं की मागच्या सहामाहीतला प्रोजेक्ट मुलीने एकटीने केला होता. चौघांचा होता, पण तिने इतर तिघांना "तुम्ही राहू द्या, मी करते" म्हणून घरी पाठवलं आणि चारही भाग स्वतः लिहिले. कळू नये म्हणून प्रत्येक भागाचा फॉन्ट वेगळा ठेवला. मॅडमनी तरी ओळखलं. चारही भाग सारखेच चांगले होते, तिथेच पकडली गेली. मार्क तेवीस पडले, पण मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, "बेटा, इस बार अकेले किया तो पास नहीं करूँगी." मॅडम बोलतात तसं करतात अशी ख्याती होती. म्हणजे या वेळी पोरीला कष्ट करून पास व्हायचं नव्हतं. कष्ट न करता पास व्हायचं होतं, आणि ते तिला येत नव्हतं.

"कुणावर गेलीय?" बायकोने तेव्हा विचारलं होतं. मी कारखान्याच्या हिशेब खात्यात आहे. ऑडिटच्या दिवसांत दोन सहकाऱ्यांची व्हाउचरंही मीच तपासतो, कारण त्यांनी तपासली तर मला पुन्हा तपासावी लागतात. म्हणून मी पेपर उघडला.

आता गटातले तिघे. पहिला मुलगा स्नेहलतागंजचा, वडिलांचं विजेच्या सामानाचं दुकान. आल्या आल्या त्याने सांगितलं की तो लीडर आहे. कोणी निवडलं, असं मुलीने विचारल्यावर तो म्हणाला, "निवडना क्या, किसी को तो होना पड़ेगा ना." त्याने व्हॉट्सअॅपवर गट काढला होता, त्याचं चित्र म्हणून स्वतःचा फोटो लावला होता. दुसरी मुलगी सांवेरहून रोज बसने अप-डाउन करणारी. वडिलांची सोयाबीनची शेती. तिचं एकच वाक्य होतं: "मेरे से नहीं होगा." काम सांगून संपायच्या आधीच ती ते म्हणायची, म्हणजे पुढे बिघडलं तर सांगितलेलंच होतं. तिसरा आमच्याच मागच्या गल्लीतला, मराठी, आजोबा गिरणीत नोकरीला म्हणून इंदौरला आलेले. त्याने पहिल्याच मिनिटाला स्वतःची जागा स्पष्ट केली.

"काका, मी तर फक्त खायला आलोय. बाकी या तिघांचं बघा."

"दीड हजार भरलेस ना?" मी विचारलं.

"भरले ना. तेवढ्याचं खाऊनच उठणार भिया." इथे काकालाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात.

मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं की प्रत्येक माणसाने आपण कोण आहोत याचं एक वाक्य मनात पाठ केलेलं असतं. एरवी ते कळत नाही. चौघांना एका कामाला बसवलं आणि काम अडलं, की जो तो आपलं वाक्य घट्ट धरतो, बुडणारा ओंडका धरतो तसं. ओंडका वाहत कुठे चाललाय ते कोणी बघत नाही.

पदार्थ ठरवायला दीड तास लागला. लीडर म्हणाला, काहीतरी फ्यूजन करू. कशाचं फ्यूजन, ते त्याला ठरवायचं नव्हतं, ते टीमने ठरवायचं. मागच्या गल्लीतला म्हणाला पोहे. पण पोह्यांचे पाच स्टॉल आधीच नोंदवलेले होते. मग मुलगी म्हणाली, साबुदाण्याची खिचडी. मेळा गुरुवारी, गुरुवारचे उपास करणारे कॉलेजात पुष्कळ, आणि फरियाली स्टॉल एकही नाही. उपासाच्या खाण्याला इथे सगळे फरियाली म्हणतात, आम्हीसुद्धा.

हे सगळ्यांना पटलं आणि लगेच भांडण झालं. लीडरच्या डोळ्यांसमोर इंदौरी खिचडी होती: पातेल्याच्या वाफेवर मोकळी झालेली, वर बटाट्याचा सळीचिवडा, लिंबू, मसाला, सगळं गिऱ्हाइकासमोर उडवून कालवलेलं. मुलीच्या डोळ्यांसमोर घरची होती, तुपात जिऱ्याची फोडणी आणि दाण्याचं कूट.

"ती खिचडी नाही, ती भेळ आहे," मुलगी म्हणाली.

"और तुम्हारी वाली? वो तो बीमार लोग खाते हैं."

"माझी आई करते ती!"

लीडरने दाराकडे पाहिलं. बायको तिथेच उभी होती. "आंटी, मेरा वो मतलब नहीं था," तो म्हणाला, आणि घरची खिचडी मंजूर झाली. सळीचिवडा वर घालायचा, एवढी तडजोड झाली.

मग कामं वाटायची होती. मी पेपरमागून बघत होतो. मुलीने कागदावर बारा कामं लिहिली, त्यांतल्या अकरांपुढे नकळत स्वतःचं नाव घातलं, मग मॅडम आठवल्या असाव्यात, सगळं खोडलं. साबुदाणा भिजवायचं काम सांवेरच्या मुलीकडे गेलं.

"मेरे से नहीं होगा," ती म्हणाली.

"होईल," मुलगी म्हणाली. हा शब्द तिने दात ओठ खाऊन उच्चारला. इतका कठीण शब्द तिच्या तोंडून मी पूर्वी ऐकला नव्हता.

बुधवारी दुपारी चौघं आमच्याकडे जमले. सहा किलो साबुदाणा, दोन मोठी पातेली, शेजाऱ्यांकडून आणलेली. सांवेरच्या मुलीने साबुदाणा धुतला, बोटाने मोजून पाणी ठेवलं, झाकण घातलं आणि पाच वाजताची बस धरायला निघून गेली. जाताना दोनदा म्हणाली, बिगड़ जाए तो मुझे मत बोलना. बायकोला तिने पाणी दाखवलंही होतं. बायको म्हणाली, बरोबर आहे.

यापुढचं मला बायकोकडून कळलं.

सांवेरची मुलगी गेल्यावर आमची मुलगी स्वयंपाकघरात आली. झाकण उचललं. पाणी तिला कमी वाटलं. तिला बोलायचं तर नव्हतं, काम दुसरीचं होतं. म्हणून न बोलता एक तांब्या दोन्हीकडे वाटून घातला, कोणाला कळू नये असा. दहा मिनिटांनी लीडर आला. लीडरने शेवटची तपासणी करायची असते असं त्याचं मत होतं, आणि तपासणी केली हे काही केल्याशिवाय दिसत नाही, म्हणून एक तांब्या त्याने घातला. मग मागच्या गल्लीतला पाणी प्यायला आत आला. त्याला वाटलं, हे दोघे बाहेर नफ्याच्या गप्पा मारतायत, साबुदाण्याकडे बघायला कोणाला वेळ आहे? आपण चेष्टेखोर असलो तरी वेळेला उभं राहतो हे कधीतरी सिद्ध करावं, म्हणून एक तांब्या त्याचा.

मी सहाला कामावरून आलो. हात धुतले, झाकण उचलून पाहिलं. चांगलं टम्म फुगलेलं दिसलं, वर पाणी नव्हतं. मी तांब्याकडे हात नेला.

"तुम्ही चौथे," बायको मागून म्हणाली.

मी तांब्या खाली ठेवला. तिने मला सगळं सांगितलं. मी म्हणालो, "अगं, मग तू त्यांना थांबवलं का नाहीस?"

"मॅडमनी पालकांना मेसेज केलाय ना, मदत करू नका म्हणून. मी शाळेत शिकवते, मी तरी पाळायला नको?"

"सहा किलो साबुदाणा आहे!"

"पाचशे रुपयांचा. क्लासची फी बघितलीत का अलीकडे? त्यामानाने स्वस्त आहे."

गुरुवारी मी अर्धी रजा काढली. पालक गिऱ्हाईक म्हणून येऊ शकत होते, तेवढी परवानगी होती. मी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. स्टॉलवर फलक होता, "शुद्ध फरियाली", आणि फलकामागे आमची मुलगी. फक्त आमची मुलगी. झारा तिच्या हातात, पैशांचा डबा तिच्या कमरेला, प्लेटी तीच पुसत होती. लीडर समोर उभा राहून हात पाठीमागे बांधून "स्मूथ चल रहा है" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. सांवेरची मुलगी कडेला उभी होती, चेहरा असा की पुरावा नसताना शिक्षा झाली आहे. मागच्या गल्लीतला एका प्लेटीतून काहीतरी उपसत होता.

मी एक प्लेट घेतली. चाळीस रुपये. मागच्या गल्लीतल्याने माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "काका, चमचा उभा करून बघा." मी उभा केला. उभा राहिला. घरच्या खिचडीचा एक अखंड गोळा झाला होता, वर सळीचिवडा, पुतळ्यावर फुलं वाहावीत तसा. पोस्टर चिकटवायला खळ हवी असती तर कॉलेजला वर्षभर पुरली असती. तोवर चौतीस प्लेटी खपल्या होत्या, बहुतेक ओळखीच्यांत, आणि पुन्हा कोणी येत नव्हतं.

"पोरी, याचं—" मी सुरुवात केली.

"बाबा, प्लीज. मी करतेय ना!"

इतक्यात मॅडम आल्या. त्यांनी चौघांकडे पाहिलं, मग झाऱ्याकडे, आणि म्हणाल्या, "झारा इनको दीजिए. आप एक घंटा उधर बैठेंगी." उधर म्हणजे निंबाखालचा सिमेंटचा बाक. मुलीने झारा सोडायला जरा वेळ लावला. लीडरने तो ओढून घेतला असं म्हणायला हरकत नाही.

ती येऊन माझ्याशेजारी बसली. मॅडम जवळच उभ्या राहून पाणीपुरी खाऊ लागल्या, पण कान आमच्याकडे होते.

"गेले पंचवीस मार्क," मुलगी म्हणाली. "बाबा, गॅस मोठा आहे. त्याला सांगा ना, गॅस मोठा आहे."

"मी गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक नाही का सांगू शकत?"

मॅडमनी आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघं निंबाच्या झाडाकडे बघू लागलो.

स्टॉलवर पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही. तिघं एकमेकांकडे बघत होते. जो माणूस सगळं करत असतो तो उठला की बाकीच्यांना आधी रिकामे हात दिसतात. मग सांवेरची मुलगी, जी इतके दिवस एक वाक्य बोलत होती, ती दुसरं बोलली, आणि एवढ्या मोठ्याने की बाकावर ऐकू आलं.

"पानी किसने डाला? मैंने उँगली से नाप के रखा था. आंटी ने भी देखा था. किसने डाला?"

लीडर म्हणाला, "मैंने बस थोड़ा... फाइनल चेक में. एक लोटा."

"एक तांब्या माझा," मागच्या गल्लीतला म्हणाला. पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

"दो लोटे में इतना नहीं होता," ती म्हणाली.

मग तिघंही वळून बाकाकडे बघू लागले. मी माझ्या मुलीकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते. ती मान खाली घालेल असं मला वाटलं. पण तिने हात वर केला आणि एक बोट दाखवलं.

सांवेरची मुलगी हसली. असं हसली की तिला कमरेवर हात ठेवावा लागला. तिच्या आयुष्यात प्रथमच काहीतरी बिघडलं होतं आणि ते तिने बिघडवलेलं नव्हतं. हसून झाल्यावर तिने बाह्या वर केल्या.

"आता याचे वडे होतील," मागच्या गल्लीतला म्हणाला. "दुसरं काय होणार? माझी आई असंच करते, मी तर दोन-दोन दिवस खातो." बटाटे होते, थोडे कँटीनमधून आणले. पण कढई नव्हती, तेल नव्हतं. शेजारचा स्टॉल भज्यांचा होता. लीडर छाती काढून तिकडे गेला. त्याचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं, सगळ्या मेळ्याला येत होतं.

"देख भिया, अपन पार्टनरशिप करते हैं. कड़ाही तेरी, तेल तेरा, जो बिकेगा उसमें तेरा तीसरा हिस्सा."

"तिसरा!" मुलगी ओरडली.

"तिसरा?" मीही उठलो. "तासाभराच्या कढईला? शंभर रुपये म्हण! दीडशे!"

"सर," मॅडम म्हणाल्या, तोंडात पाणीपुरी असताना. "बैठ जाइए."

मी बसलो. भज्यांच्या स्टॉलवाल्यांनी इतक्या पटकन हो म्हटलं की लीडरलाही संशय आला, पण हात मिळवून झाला होता.

"आणि बाबा, त्या तेलात बेसन आहे," मुलगी कळवळून म्हणाली. "फरियाली राहिलं का ते? वर फलक लावलाय!"

हे तिघांपैकी कोणाच्या लक्षात येईल असं मला वाटेना. पण सांवेरच्या मुलीला दोष लागण्याची भीती कुठूनही वास काढून सापडते. ती म्हणाली, "बोर्ड उतारो पहले. किसी का व्रत टूटा तो पाप मेरे को लगेगा." फलक उलटा झाला. मागच्या गल्लीतल्याने मागच्या बाजूला कोळशाने लिहिलं, "उपासवाले सोडून सगळे या."

पहिला घाणा तेलात फुटला. साबुदाणा फटाफट उडाला, लीडर तीन पावलं मागे गेला आणि तिथूनच मार्गदर्शन करू लागला. माझ्या मुलीने माझा हात धरला होता आणि तो दुखत होता. "बटाटा कमी पडलाय," ती पुटपुटत होती, "बटाटा घाल, बटाटा." त्यांनी आधी कूट घातलं. तेही फुटलं. मग बटाटा घातला. मला वाटतं, ती ते दोन घाणे फुटताना बघत बसली, तेच तिचं त्या सहामाहीतलं सगळ्यात मोठं काम.

तिसरा घाणा टिकला. वडे वेडेवाकडे होते, एकाच्या आकाराचा दुसरा नव्हता. मागच्या गल्लीतला गिऱ्हाइकांना हाका मारत होता, "या, या, डिझायनर वडे, प्रत्येक पीस वेगळा!" आणि दर थोड्या वेळाने एक स्वतः खात होता. तीस रुपये प्लेट. रांग म्हणता येणार नाही, पण माणसं थांबत होती.

तास झाला. मॅडम म्हणाल्या, "जाइए अब."

मुलगी उठली, दोन पावलं गेली आणि थांबली. स्टॉलवर तिची जागा उरली नव्हती. सांवेरची मुलगी कढईशी होती, डबा मागच्या गल्लीतल्याकडे होता, आणि लीडर होता तिथेच होता.

"मैं क्या करूँ?" तिने विचारलं.

लीडरला हा प्रश्न विचारला जाण्याची तो रविवारपासून वाट बघत असावा. "तू... तू प्लेटें धो ले," तो म्हणाला.

तिने प्लेटी धुतल्या. दोनदा धुतल्या, ते मी पाहिलं, पण प्लेटीच धुतल्या.

शनिवारी चौघं मॅडमसमोर उभे राहिले. जेवताना मुलीने सांगितलं ते असं. मॅडमनी तिघांना विचारलं, ही नसताना काय काय केलं? लीडरने दहा मिनिटं सांगितलं. मग तिला विचारलं, "और आपने उस घंटे में क्या किया?"

"मी म्हटलं, बैठी रही मॅम."

"मग?"

"म्हणाल्या, मुश्किल था? मी म्हटलं, हाँ मॅम. म्हणाल्या, दिख रहा था."

"मार्क?" मी विचारलं.

"पंधरा. चौघांना."

"पंधरा? मागच्या वेळी तेवीस—"

"अहो," बायको म्हणाली, "पास झालीय. कोशिंबीर घ्या."

दुसऱ्या रविवारी तेच चौघं पुन्हा आमच्या बाहेरच्या खोलीत हिशेबाला बसले. मी पेपर घेतला, पण उघडला नाही. हिशेब लीडर करणार होता, कारण तो लीडर होता. वड्याच्या त्रेसष्ट प्लेटी, अठराशे नव्वद. तिसरा हिस्सा काढताना त्याने चाराने भागलं. माझ्या तोंडून आवाज निघाला, तो मी खोकल्यात बदलला. मुलीने आकडा पाहिला होता, तिला चूक कळली होती, तिचे दोन्ही हात मांडीखाली होते. सांवेरच्या मुलीने कागद ओढून घेतला, "मेरे से नहीं होगा" म्हणाली आणि बरोबर भागाकार केला.

भज्यांच्या गटाला सहाशे तीस रुपये, रोख, लीडरच्या हस्ते. खिचडीचे तेराशे साठ आणि न खर्चलेले आठशे धरून उरलेले तीन हजार चारशे वीस चौघांत सारखे, प्रत्येकी आठशे पंचावन्न. माणशी तोटा सहाशे पंचेचाळीस. मागच्या गल्लीतला म्हणाला, माझा तोटा धरू नका, मी वड्यांत वसूल केलाय. त्याच्या प्लेटी विक्रीत धरल्या होत्या का, हे मी विचारलं नाही.